पदवीची अट, व्हॉल्व्हमन आणि स्वीकृत नगरसेवक

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पानावर एका गृहस्थांचं पत्र होतं, नगरसेवकाला किमान पदवीची अट घाला, अडाण्यांच्या हातात शहर देऊ नका, असं. सकाळी चालून झाल्यावर आम्ही चहाच्या गाड्यावर बसतो तिथं त्याच्यावर लई वाद झाला, निम्म्यांनी मान डोलावली. आणि मान डोलावणारे सगळे शिकलेले होते असं पण नाही, उलट ज्यांची शाळा अर्धवट सुटली तेच जास्त जोरात बरोबर आहे बरोबर आहे म्हणत होते, आणि मला तेच जास्त लागलं.

मी आयटीआयमधून रिटायर झालेला शिल्प निदेशक. सगळी नोकरी पोरांचा मशीनवर हात बसवण्यात गेली, त्यामुळं कौशल्याला किंमत द्या म्हणणाऱ्यांत मी पहिला. ज्याला येतं त्यानंच करावं, हे मी वर्गात रोज ओरडून सांगायचो. पण ह्याच वाक्यावरून लोक वेगवेगळ्या दिशांना जातात. कोण कशाला कौशल्य म्हणतो ते सांगा, तो कुठलं राजकारण करणार ते बऱ्यापैकी सांगता येतं. ज्याच्या डोक्यात कौशल्य म्हणजे डिग्री, त्याला शेवटी थोडक्या लोकांचं राज्य पाहिजे असतं, आणि ज्याला कुठलंच कौशल्य मान्य नाही त्याला एक साहेब पाहिजे असतो, साहेब म्हणतील ते खरं.

पदवीच्या अटीचं आधी बघू, कारण तो प्रयोग झालेला आहे. राजस्थाननं २०१४ च्या डिसेंबरात वटहुकूम काढून पंचायत निवडणुकीला शिक्षणाची अट घातली, सरपंचाला आठवी वगैरे. हरियाणानं २०१५ मध्ये तेच केलं, खुल्या गटातल्या पुरुषाला दहावी, बायकांना आणि दलितांना आठवी. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, डिसेंबर २०१५ मध्ये कोर्टानं कायदा वैध ठरवला आणि निकालात शिक्षणामुळंच माणसाला बरं-वाईट कळतं अशा अर्थाचं वाक्य पण आहे. कोर्टाचा मान ठेवून सांगतो, हे वाक्य माझ्या गळ्याखाली उतरत नाही, कारण बँका बुडवणारे सगळे पदवीधरच असतात. राजस्थाननं २०१९ मध्ये ती अट काढून टाकली. गावात रस्ता कुठून जावा हे ज्या म्हातारीला सगळ्यात जास्त कळतं ती शाळेत गेली नाही, कारण तिच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती. शाळा काढायची जबाबदारी सरकारची, ती पार पाडली नाही ती सरकारनं, आणि शिक्षा म्हातारीला, हा कुठला न्याय?

आपल्याकडं ही अट असती तर वसंतदादा पाटील अर्ज भरू शकले नसते. जेमतेम शालेय शिक्षण, स्वातंत्र्य चळवळीत गोळी खाल्लेला माणूस, चार वेळा मुख्यमंत्री झाले, आणि १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी पण त्यांच्याच सरकारनं दिली. आज पदवीची अट मागणाऱ्यांत त्या कॉलेजांतून बाहेर पडलेले किती असतील बघा. (त्या कॉलेजांचं पुढं काय झालं आणि फीचं काय झालं हा वेगळ्या पत्राचा विषय, ते पण लिहीन कधीतरी.) आणि १९५१ च्या जनगणनेत देशात साक्षरता अठरा टक्क्यांच्या आसपास होती, तेव्हा त्या लोकांनी पहिली निवडणूक पार पाडली, शांततेत, चिन्हं बघून उमेदवाराच्या पेटीत मतपत्रिका टाकत.

हा वाद जुना आहे, आपण काही नवीन बोलत नाही. ग्रीसमधल्या प्लेटोनं म्हटलं होतं की जहाज चालवायला खलाशांचं बहुमत घेता का, ज्याला ताऱ्यांचं आणि वाऱ्याचं ज्ञान आहे त्याच्या हातात सुकाणू द्या ना. ऐकायला एकदम पटतं. पण त्याच्याच अथेन्समध्ये गंमत अशी होती की बरीचशी सरकारी पदं चिठ्ठ्या टाकून भरायचे आणि सेनापती मात्र मतदानानं निवडायचे, म्हणजे कुठल्या कामाला खास हात लागतो आणि कुठल्या कामाला सामान्य शहाणपण पुरतं, ही विभागणी त्या लोकांनी अडीच हजार वर्षांपूर्वी केलेली. आणि प्लेटोचाच शिष्य अॅरिस्टॉटल म्हणाला की घर कसं झालंय हे बांधणाऱ्यापेक्षा राहणाऱ्याला जास्त कळतं, जेवण कसं झालं हे आचाऱ्यापेक्षा पंगतीत बसणाऱ्याला. आपल्या गावच्या पाण्याला हे शंभर टक्के लागू आहे, त्याच्यावर येतोच.

मधल्या काळात जॉन स्टुअर्ट मिल म्हणून एक मोठा इंग्रज विचारवंत झाला, स्वातंत्र्यावर इतकं चांगलं बोलणारा माणूस, त्यानं १८६१ मध्ये मांडलं की मत सगळ्यांना द्या, पण शिकलेल्याला जास्त मतं द्या. आणि त्यानं उतरंड पण लावून दिली, मजुरापेक्षा मुकादम हुशार, मुकादमापेक्षा मालक हुशार, अकुशल कामगारापेक्षा कुशल कामगार हुशार. इंग्लंडात विद्यापीठांचे वेगळे मतदारसंघ होते, पदवीधराला एक मत जास्त, ते त्यांनी १९४८ च्या कायद्यानं मोडीत काढले. आपण मात्र विधान परिषदेत पदवीधर मतदारसंघ अजून चालवतो, सोलापूर पुण्याच्या पदवीधरमध्ये येतं. माझ्या सुनेला त्यात मत आहे, मला नाही, कारण मी ग्रॅज्युएट नाही. माझी तक्रार नाही, सून माझ्यापेक्षा हुशार आहेच. पण ती हुशार आहे ते घर चालवते आणि नोकरी करते म्हणून, बीकॉमच्या सर्टिफिकेटमुळं नाही.

इथं बाबासाहेबांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्या काळात त्यांच्याइतक्या डिग्र्या असलेला माणूस राजकारणात शोधून सापडला नसता, रुपयाच्या प्रश्नावर रॉयल कमिशनसमोर साक्ष देणारा अर्थतज्ज्ञ, आणि तोच माणूस १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढं सांगत होता की प्रौढ मताधिकार द्या, निरक्षर माणसाला पण. ज्ञानाची किंमत त्यांना कळत नव्हती असं कोण म्हणेल? २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात घटनेचं श्रेय देताना त्यांनी सल्लागार बी. एन. राव आणि मसुदा नीट लिहिणारे एस. एन. मुखर्जी यांची नावं घेतली, म्हणजे कारागिराला कारागिरीचं श्रेय बरोबर दिलं. पण मत कुणाला, ह्या प्रश्नात कारागिरी आणली नाही. आणि जातीबद्दल ते म्हणाले की ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांची वाटणी आहे. आपल्याकडं कौशल्याचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. चांभाराला चामड्याचं जेवढं कळत होतं तेवढं गावात कुणालाच कळत नव्हतं, आणि चावडीवर बसायची जागा त्यालाच नव्हती. हातात येणारी विद्या खालची आणि तोंडात येणारी वरची, हे जे आपल्या अंगात मुरलंय ना, पदवीच्या अटीला टाळ्या पडतात त्या त्याच्यामुळं पडतात.

खरं तर सोलापूरकरानं तरी असं बोलू नये. आपलं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले, लोकांना घेऊन स्वतः राबून तळं खोदणारे. बसवेश्वरांच्या ज्या शरणांच्या मंडळीत ते बसले त्यात दोर वळणारा नुलिय चंदय्या होता, कपडे धुणारा माचय्या होता, नाव चालवणारा चौडय्या होता, आणि कायक म्हणजे आपलं काम, तोच कैलास असं मानणारी ती माणसं राज्य आणि धर्म दोन्हींवर बोलत होती. गड्ड्याच्या यात्रेत आपण नंदीध्वजाला हात जोडतो, आणि घरी येऊन अडाण्यांच्या हातात शहर देऊ नका म्हणून पत्र लिहितो.

आता आपल्या शहरातलं कौशल्य बघा. पूर्व भागात कारखान्यात जाऊन जॉबरचं, म्हणजे माग नीट चालू ठेवणाऱ्या माणसाचं, काम बघा एकदा. जेकार्ड म्हणजे नक्षी विणायची यंत्रणा, तिच्यावर नक्षीची चादर निघते, त्या सोलापुरी चादरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, फोटो सगळे काढतात. भोकं पाडलेल्या कार्डांची माळ फिरते, एका भोकाची चूक झाली तर मोराची मान तुटते. यंत्रमाग नुसत्या आवाजावरून कुठं बिघडलाय हे ओळखणारा जॉबर मी बघितलाय, मी वर्गात फळ्यावर जे आकृती काढून शिकवायचो ते त्याला कानानं कळायचं. कागदावर त्याची पात्रता विचारली तर काही नाही, सहावी नापास वगैरे.

आणि विडी वळणाऱ्या बायका. तेंदूपान भिजवायचं, पत्र्याच्या मापानं कापायचं, तंबाखू नेमकी भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मिटायचं, आणि मजुरी हजार विड्यांवर, त्यात खराब म्हणून बाजूला काढल्या त्या गेल्या. एक विडी तुम्ही आम्ही वळून दाखवा, मग बोलू. किमान वेतनाच्या कायद्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग पाडतात, रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्राच्या कायद्यात तर अंगमेहनतीच्या कामाला सरळ अकुशल असाच शब्द वापरला होता. उन्हात उतार बघून बांध घालणारी बाई अकुशल कशी काय? पण एकदा अकुशल लिहिलं की पगार ठरला, पगार ठरला की मान ठरला, आणि मान ठरला की तिच्या मताला कोण विचारतो. त्याच बायकांनी संघटना करून, वर्षानुवर्षं मोर्चे काढून कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत उभी करून घेतली, दहा हजार घरं. नंतर रे नगर, तीस हजार घरांची योजना, त्यातल्या पहिल्या पंधरा हजारांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये दिला. त्यांच्या नेत्यांचा पक्ष तुम्हाला पटो न पटो, पण केंद्र, राज्य आणि बँक तिघांना एका कागदावर आणायला जे लागतं ते कौशल्यच आहे, आणि त्याची डिग्री कुठल्याच विद्यापीठात मिळत नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, मास्तर म्हणजे तुमच्या मते तज्ज्ञ नकोतच. उलट आहे. तज्ज्ञाला गप्प बसवलं की काय होतं ते रशियात बघितलंय जगानं. लायसेंको नावाचा माणूस स्टॅलिनच्या मर्जीतला, त्यानं आनुवंशिकीचं शास्त्रच खोटं ठरवलं, आणि वाविलोव्हसारखा बियाणांचा जगातला सगळ्यात मोठा जाणकार १९४३ मध्ये तुरुंगात मेला. पिकं काही हुकमानं उगवत नाहीत. आपल्याकडं तुरुंगात घालत नाहीत, फक्त ऐकत नाहीत. उजनी धरणाची साठवण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ च्या आसपास मृतसाठा, हे आकडे दर उन्हाळ्यात तुमच्याच पेपरात येतात, पाण्याचे जाणकार ऊस आणि पाण्याचं गणित सांगून सांगून दमले, आणि जिल्ह्यात कारखाने वाढतच गेले. इथं कुणाला ज्ञान कमी पडलं असं नाही, सगळ्यांना सगळं माहिती होतं.

मग तज्ज्ञाचं कुठंपर्यंत ऐकायचं? मला वाटतं चिमणीच्या प्रकरणात ते चांगलं दिसतं. होटगी रोडच्या विमानतळाजवळची साखर कारखान्याची चिमणी, १५ जून २०२३ ला पाडली, त्याच्या आधी कितीतरी वर्षं शहर दोन भागात फाटलं होतं. विमान उतरायला ती चिमणी अडथळा आहे का, हा प्रश्न विमानवाल्यांचा. त्याचं उत्तर मापानं मिळतं, मोर्च्यानं मिळत नाही, आणि तिथं कारखान्याचे सभासद किती आहेत ह्याचा काही संबंध नाही. पण विमानतळ होटगी रोडलाच पाहिजे का नव्या जागी बोरामणीला, विमान आधी का रोज पाणी आधी, चिमणी गेल्यावर ऊस उत्पादकाचं आणि कामगाराचं जे नुकसान होईल ते कुणी भरायचं, हे प्रश्न कुठल्याच पायलटचे नाहीत. ते आपले होते. आपण काय केलं, पहिल्या प्रश्नावर रस्त्यावर उतरलो आणि दुसऱ्या प्रश्नावर तज्ज्ञ काय म्हणतात ते बघू म्हणून बसलो. एकदम उलटं. २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, चांगलं झालं, पण ते भांडण आपण कसं भांडलो हे विसरू नये.

आणि नुसत्या तज्ज्ञांचं राज्य कसं असतं हे पण आपण बघून घेतलंय की. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढं काही वर्षं नगरसेवक नव्हतेच, प्रशासक होते. आयएएस म्हणजे देशातली सगळ्यात अवघड परीक्षा पास झालेली माणसं, त्याच्या आधीपासून स्मार्ट सिटी होतीच, २०१६ च्या पहिल्या वीस शहरांत आपण होतो, तिथं पण कंपनी, सल्लागार, प्रेझेंटेशन. पदवीची अट मागणाऱ्यांना पाहिजे तसं सगळं. पाणी रोज आलं का? समांतर जलवाहिनी झाली, उजनीपासून एकशे दहा किलोमीटर, इंजिनिअर लोकांचं मोठं काम आहे ते, मी कमी लेखत नाही. पण पाणी टाकीपर्यंत आलं म्हणजे घरात आलं असं होत नाही. मधे व्हॉल्व्हमन असतो.

हा माणूस तुम्ही बघितला असेल, सायकलला किंवा मोटारसायकलला लांब चावी अडकवून फिरतो. कुठल्या बोळात चढ आहे म्हणून तिकडं आधी सोडायचं, कुठला व्हॉल्व्ह किती आटे उघडला की पुढची गल्ली कोरडी पडते, कुठली लाईन जुनी आहे, एकदम उघडली तर हवेच्या दाबानं फुटेल, कुणाकडं लाईनला डायरेक्ट मोटार लावलेली आहे, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. बऱ्याच जुन्या भागातल्या लाईनींचा धड नकाशा कागदावर नाही, त्याच्या डोक्यातच नकाशा आहे, आणि तो बहुतेक वेळा ठेक्यावर, आज आहे उद्या नाही. नगरसेवक असताना निदान बाया हंडा घेऊन त्याच्या दारात जायच्या, तो शिव्या खायचा आणि व्हॉल्व्हमनला फोन करायचा, त्यातून वरच्यांपर्यंत काहीतरी पोचायचं. प्रशासकाच्या काळात निवेदन द्यायचं, पोच घ्यायची आणि घरी यायचं. ज्याला पाणी मिळत नाही त्याचं कळणं आणि ज्याला पाइपलाइन कळते त्याचं कळणं, दोन्ही एका टेबलावर आलेच नाहीत.

ते टेबलावर आले तर काय होतं ह्याची पण उदाहरणं आपल्याच महाराष्ट्रात आहेत. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० ला सुरू झाला, विठ्ठलराव विखे पाटील शाळा फारशी न शिकलेले शेतकरी आणि धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला शिकलेले अर्थशास्त्रज्ञ. गाडगीळांनी शेतकऱ्याला अक्कल शिकवली नाही आणि विख्यांनी हिशोब आम्हाला कळतो म्हटलं नाही. पुढं सहकाराचं काय झालं ते सगळ्यांना माहिती आहे, पण सुरुवात अशी होती. आपल्या मोहोळला संशोधन केंद्रात शेतकऱ्यांच्याच मालदांडीतून निवड करत करत ज्वारीचं ३५-१ वाण काढलं, आज पण रब्बीला तीच भाकरी आपण खातो. बी शेतकऱ्याचं, डोळा शास्त्रज्ञाचा, आणि चांगलं झालं का नाही ते ठरवलं खाणाऱ्यानं. १९३३ पासून सोलापुरात कोरडवाहू शेतीचं केंद्र आहे, हे किती पदवीधरांना माहिती आहे विचारून बघा.

आता मुद्द्याचं. नगरसेवकाला पदवीची अट घालायची गरजच नाही, कारण घटनेनं तज्ज्ञांची सोय आधीच करून ठेवली आहे. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीत आहे, महापालिकेच्या कारभाराचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या माणसांना सभागृहात नेमता येतं, त्यांना बोलता येतं पण मत देता येत नाही. म्हणजे स्वीकृत नगरसेवक. काय सुंदर विचार आहे बघा, जाणकारानं सांगावं, निवडून दिलेल्यानं ठरवावं. आणि आपण त्याचं काय केलं? पडलेला उमेदवार, तिकीट न मिळालेला नाराज, कुणाचा तरी पुतण्या, ह्यांची सोय. नियमांत डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए, शिक्षणतज्ज्ञ असे शब्द आहेत, पण त्याच यादीत सामाजिक संस्थेचा पदाधिकारी पण बसतो आणि सगळी मंडळी त्या दारातून आत येतात. पदवीची मागणी करणाऱ्या एकाही माणसानं ह्याच्यावर कधी पत्र लिहिल्याचं मला आठवत नाही. सगळे पक्ष ह्यात आहेत, एकाचं नाव घेऊन उपयोग नाही.

आणि त्या यादीत व्हॉल्व्हमन कुठंच बसत नाही. आयुष्यभर पाण्याच्या लाईनी सांभाळून रिटायर झालेला मनपाचा फिटर बसत नाही, कचरा वेगळा करणारी बाई बसत नाही. विशेष ज्ञान म्हणजे काय हे परत कुणीतरी डिग्रीवरूनच ठरवून टाकलंय.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पुढच्या वेळी स्वीकृत सदस्य नेमायच्या आधी प्रत्येक पक्षानं त्या माणसानं ह्या शहरात पाणी, गटार, दवाखाना, शाळा किंवा हिशोब ह्यातलं नेमकं कुठलं काम किती वर्षं केलंय ते पेपरात छापावं, तुम्ही जागा द्याल अशी खात्री आहे. आणि प्रभाग समितीत पाण्याचा विषय असेल त्या दिवशी त्या भागातल्या व्हॉल्व्हमनला बोलवावं, खुर्ची द्यावी, इंजिनिअर साहेबांच्या शेजारी. त्या दिवसाची हजेरी कापू नये म्हणजे झालं, नाहीतर तो बिचारा यायचा नाही.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
अशोक चौक, सोलापूर